‘पुरे’ नसलेली वही

माझी थोरली बहीण इस्पितळात लोकांना पुन्हा चालायला शिकवते. तीस वर्षं हेच काम. घरात आम्ही तिला हवालदार म्हणतो, कारण जेवायला बसलेल्या माणसालाही ती पाठ ताठ करायला लावते. तिचा एक नियम आहे: रुग्णासमोर ‘पुरे’ हा शब्द काढायचा नाही. एकदा तो कानावर पडला की माणूस त्यालाच धरून बसतो, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी तिच्याकडे एक म्हातारा फरशीवाला आला. तरुणपणी इटलीहून आलेला, इथलीच बायको केलेला, चाळीस वर्षं आपल्यासारखंच बोलणारा. अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली आणि इथली भाषाही गेली. उरली फक्त त्याच्या आईची. ताईनं पाय उचला म्हटलं की तो नुसता बघत राहायचा. घर पहिल्या मजल्यावर, पायऱ्या चौदा. त्या चढता आल्या तर घरी, नाहीतर कायमचं वृद्धाश्रमात. बायकोच्या गुडघ्यांत त्राण नव्हतं आणि त्याला उचलून नेणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग शाळेत भाषेच्या तासाला हमखास डुलक्या काढणारी माझी बहीण पन्नाशीत इटालियन शिकायला बसली. मोबाइलवर व्यायामाचे इटालियन धडे लावायची आणि भाजी चिरताना घोकायची. मी पोटभर चिडवून घेतलं. तिनं वाक्यं एका वहीत उतरवली. आल्त्सा ला गाम्बा, पाय उचला. रेस्पिरा, श्वास घ्या. आंकोरा ऊना वोल्ता, आणखी एकदा. धड्याच्या शेवटी थांबण्याची, विसाव्याची वाक्यं होती. ती तिनं नियमाप्रमाणे गाळली.

पहिल्यांदा ‘आल्त्सा ला गाम्बा’ ऐकलं तेव्हा म्हातारा रडला आणि मग त्यानं पाय उचलला. महिन्याभरात पाच पायऱ्या झाल्या, पुढे नऊ. मधेच तो धापा टाकत काहीतरी पुटपुटायचा. त्याचा अर्थ लावायला पंडित लागत नव्हता, पण ताई कानाडोळा करून त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि म्हणायची, ‘आंकोरा ऊना वोल्ता’, आणखी एकदा. त्याची बायको रोज बाकावर बसून बघायची. संसार चाळीस वर्षांचा, पण ह्यांच्या भाषेतला एक शब्द शिकले नाही, असं ती एकदा ताईला म्हणाली.

अकरावी पायरी जमली त्याच दुपारी त्याला दुसरा झटका आला. आता आपल्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताई खाटेपाशी गेली तेव्हा बायको त्याचा हात धरून बसली होती.

“ताई, ‘आता विसावा घ्या’ असं ह्यांच्या भाषेत कसं म्हणतात?”

ताईनं खिशातली वही काढली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, पुन्हा चाळली. हे सांगताना ती माझ्यासमोर ढसाढसा रडली, आणि मला तिची दया आली तसा तिच्या त्या नियमाचा रागही आला.

बायको थांबली नाही. वाकून तिनं त्याच्या कानात तेच म्हटलं, जे बाकावरून हजारदा ऐकलं होतं. ताई ते नेहमी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, म्हणून ते मायेचे शब्द असावेत असंच तिला वाटत होतं.

“आंकोरा ऊना वोल्ता.”

पांघरुणाखाली त्याचा उजवा पाय हलला, वीतभर वर आला आणि थरथरत तसाच राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदाच ताईनं कुणाचा उचललेला पाय दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला.