उजवा हात, डावा हात

वर्गात इन्स्पेक्टर आले की सगळ्या मुलांचे हात वर दिसले पाहिजेत, ही आमच्या शाळेची रीत. उत्तर येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. बाईंनी फक्त उजव्या हातांना विचारायचं. मागे बसलेल्याला वाटतं, काय हुशार वर्ग आहे!

सुपरवायझर मॅडमनी हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी मान हलवली. दुसरं काय करणार? अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीतली ही भारतीय मुलांची शाळा म्हणजे माझी परदेशातली पहिली नोकरी, आणि मी प्रोबेशनवर. मॅडम मराठीच आहेत. चारचौघांत इंग्रजी, एकट्या असल्या की मराठी. त्या म्हणाल्या, "हे बघ, तुझं कायम होणं या एका धड्यावर आहे. घोटाळा करू नकोस." नोकरी गेली की व्हिसा जातो, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

पाचवीच्या वर्गात मी सराव घेतला. मुलांना तो खेळच वाटला. एका मुलीने मात्र विचारलं, "मिस, व्हॉट इफ आय नो ओन्ली हाफ?" वर्ग हसला. मीही हसले आणि पुढचा प्रश्न घेतला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शाळेत माझा हात कधी वर जायचा नाही, आणि हात वर नाही म्हणून मला कोणी विचारायचं नाही. घरी विचारावं असं कोणी नव्हतं. न येणं लपवायची मला इतकी सवय झाली की बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी नापास होईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. आणि आता मी तेच लपवणं तीस मुलांना शिकवत होते, तेही खेळ म्हणून.

रविवारी दादा भेटायला आला. तो मुसफ्फा औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे, कंपनीच्या कॅम्पवर राहतो. कॅफेटेरियात करक चहा पिताना मी त्याला सगळं सांगितलं.

"मग लाव की डावा हात वर करायला," तो म्हणाला. "तुझ्या बापाचं काय जातंय?"

"आपला बाप एकच आहे, दादा."

"तेच सांगतोय. बाय, आमच्याकडे सेफ्टीवाले येतात ना, त्या दिवशी सगळ्यांना नवी हेल्मेटं. ते गेले की परत घेतात. मी भांडतो काय?"

"भांडायला पाहिजेस."

"भांडलो असतो तर तू आज बाई झाली नसतीस."

हे खरं होतं. माझ्या कॉलेजची फी त्याच्याच पगारातून गेली होती. त्याने माझ्या पुढ्यातला समोसा अर्धा मोडून घेतला आणि म्हणाला, "उगाच नडू नकोस. कायम हो, मग काय ते कर."

मी आधीपासून काही ठरवलं होतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. धड्याच्या दिवशी मी सांगितल्याप्रमाणेच सुरुवात केली. धडा उष्णतेचा होता. इन्स्पेक्टर बाई मागे बसल्या, शेजारी मॅडम. मी विचारलं, थर्मासमधलं पाणी बराच वेळ थंड का राहतं? सगळ्यांचे हात वर गेले. आणि त्या मुलीने दोन्ही हात वर केले होते. अर्धं येत होतं ना तिला.

मी तिलाच उठवलं.

ती इंग्रजीत म्हणाली की उन्हाळ्यात त्यांच्या घरी थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं, म्हणून मम्मी गीझर बंद ठेवते आणि गार पाणी गीझरच्या नळातून घेते. "बट आय डोन्ट नो व्हाय, मिस."

"आमच्याकडे पण!" असं चहूकडून सुरू झालं. मग मी एकेका डाव्या हाताला विचारत गेले. तुला काय वाटतं? कुणी म्हणालं, नळ उलटे बसवलेत. कुणी म्हणालं, गीझर बिघडलाय. चुका करत करत ती मुलं गच्चीवर तापणाऱ्या टाकीपर्यंत पोचली, तिथून घरात एसीच्या गारव्यात टांगलेल्या, अंगात जाड अस्तर असलेल्या गीझरपर्यंत. तेवढ्यात बेल झाली. माझा निम्मा धडा राहून गेला होता.

कॉरिडॉरमध्ये मॅडमनी मला गाठलं. "अगं, काय हे? अख्खा तास गीझरवर?"

"मॅडम, त्यांना ते माहीत नव्हतं."

"म्हणून तर डावा हात!" त्यांनी आवाज खाली आणला. "पुढच्या आठवड्यात मी स्वतः बसते. नीट घे. मग तुझी शिफारस करते, इन्शाल्ला."

"घेते. पण हात तसे वर करायला लावणार नाही."

"मग शिफारस नाही करता येणार मला."

"नका करू."

शब्द निघून गेले होते, आणि ते मला परत घ्यायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "डावा-उजवा खलास. येत नसेल तर हात खाली ठेवा, मी विचारीन." आठवड्याने मॅडम येऊन बसल्या. पहिल्याच प्रश्नाला मोजकेच हात वर गेले. मी थांबले. मग खाली हात ठेवलेल्या एका मुलाला विचारलं, आणि तो चुकला, आणि तिथून आम्ही पुढे गेलो. मॅडम मध्येच उठून गेल्या.

मला कायम केलं नाही. मार्चपर्यंत शिकव, मग दुसरं बघ, असं सांगण्यात आलं.

दादाला फोन केला तेव्हा मागे ग्राइंडरचा आवाज चालू होता. तो बाजूला जाईपर्यंत मी थांबले.

"नडलीस ना शेवटी?"

"हो."

"मग यल्ला, चल पुढे, रडतेस कशाला?"

"रडत नाहीये."

आणि खरंच रडत नव्हते. सध्या दुसऱ्या शाळांत अर्ज करते आहे. मुलाखतीला गेलं की नमुन्याचा धडा घ्यायला सांगतात. मी आधीच सांगून ठेवते, माझ्या वर्गात हात कमी वर होतील. एका शाळेने त्यावर लगेच आभार मानून मला वाटेला लावलं. उद्या दुसरीकडे जायचं आहे. तिथेही हेच सांगणार.