पूर्ण पट्ट्या आणि तुटलेली संथा

माझ्या गुरुबंधूला गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय काही महिन्यांत पुष्कळसे सावरले. वाणी मात्र गेली ती परतेना. ज्याचा स्वर सभामंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत स्वच्छ पोहोचत असे, त्याला घोटभर पाणी मागता येईना. तो राहतो कृष्णाकाठी, मी इथे वसईजवळ निर्मळला. माझ्या गुडघ्यांना आता तो प्रवास झेपत नाही.

त्याच्या सुनेच्या ध्यानात एक गोष्ट आली. ती देवघरात स्तोत्र म्हणत असली की पलंगावर सासऱ्यांचे ओठ हलतात. वाचा सुधारण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनीही सांगितले की बोलायचे शब्द हरवले तरी लहानपणी पाठ केलेले कधी कधी आत शाबूत असते. ते टोक धरून हळूहळू ओढून पाहावे. सुनेने मला फोन केला. "काका, तुम्ही दोघे एकाच पाठशाळेतले. बाबांना रोज थोडी संथा द्याल का?"

संथा देणे म्हणजे गुरूने एक चरण म्हणायचा आणि शिष्याने तो लगोलग दोनदा म्हणायचा. पुस्तक नाही, लेखणी नाही. फक्त समोरच्याचे ओठ आणि आपले कान. साठ वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी अशीच संथा घेतली होती. आता तीच मी त्याला मोबाइलच्या पडद्यावरून देऊ लागलो. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून नुसता घोगरा हुंकार निघाला. पंधराव्या दिवशी एका चरणातले दोन शब्द आले. ते ऐकून मी फोन ठेवला आणि देवापुढे दिवा लावला.

आमचे घर केळी आणि फुलझाडांच्या वाडीत, बऱ्याच सखल जागी आहे. पूर्वेला, वाडीच्या कुंपणापलीकडे, तीन वर्षांपूर्वी सात मजली इमारत उभी राहिली. तिने माझ्या दोन गोष्टी हिरावल्या. अंगणातून दिसणारा उगवता सूर्य गेला आणि घरातले मोबाइलचे नेटवर्कही गेले. सूर्यासाठी मी अर्घ्य द्यायला गच्चीवर जाऊ लागलो. तिथल्या ईशान्य कोपऱ्यातून इमारतीच्या कडेने तो दिसतो. नेटवर्कसाठी मुंबईत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने एक उपाय केला. सिमकार्डाचा राउटर घरात ठेवला, गच्चीवर खांब रोवून त्यावर पाटीएवढा चपटा अँटेना बसवला आणि त्याच्या दोन तारा जिन्याच्या खिडकीतून राउटरला आणून जोडल्या. खांबासाठीही मोकळा कोपरा ईशान्येचाच होता. कार्तिकात हे काम झाले आणि गुरुबंधूचा चेहरा पडद्यावर असा स्वच्छ दिसू लागला की त्याच्या कपाळावरचे गंध ओले आहे की वाळलेले, हेही कळे.

माघ संपता संपता बिघाड सुरू झाला.

प्रथम चित्र अडखळू लागले, मग आवाज. मी चरण म्हणावा, तो त्याच्यापर्यंत दोन-तीन श्वासांनंतर पोहोचावा. त्याने म्हटलेले माझ्यापर्यंत यावे तेव्हा मधली अक्षरे गळालेली असावीत. दोघे धडधाकट माणसे बोलत असती तर ही नुसती गैरसोय ठरली असती. परंतु ज्याला आपल्या जिभेचा भरवसा उरलेला नाही, त्याला काय वाटत असेल? त्याने बरोबर म्हटलेले असे आणि पडद्यावर मी थिजलेला, काहीच न बोलणारा. त्याला वाटे, आपण चुकलो म्हणूनच हा गप्प आहे. तो पुन्हा म्हणे. तोवर माझा मघाचाच "छान" उशिराने त्याच्या म्हणण्यावर येऊन आदळे आणि तो गोंधळून थांबे.

मी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला. आधी यंत्राने मला बराच वेळ निरनिराळे आकडे दाबायला लावले, मग एका तरुण मुलीचा आवाज आला.

"सर, राउटर बंद करून चालू केलात का?"

"सात वेळा केला, बाई."

"एकदा परत करा ना सर. मी लाइनवर आहे."

आठव्यांदा केला. तिने विचारले, "आता पट्ट्या किती दिसतायत?"

"पाचपैकी पाच."

"मग नेटवर्क फुल आहे, सर. काही प्रॉब्लेम नाही."

"प्रॉब्लेम नाही, तर समोरचा माणूस अर्ध्या अक्षरावर दगड होऊन का बसतो?"

"सर, पट्ट्या पूर्ण आहेत," ती म्हणाली. याच्या पलीकडचे वाक्य तिला कोणी शिकवलेलेच नव्हते. मी तिच्यावर रागावलो नाही. तिच्या वयाच्या मुलीला कोणी समोर कागद ठेवून वाचायला बसवले असेल तर दोष बसवणाऱ्याचा. पण त्या बसवणाऱ्याचा राग मला आजही आवरत नाही. जन्मभर मी विद्यार्थ्यांना एकच सांगत आलो: उत्तर देण्यापूर्वी प्रश्न ऐका. इथे एवढी मोठी कंपनी, आणि तिच्यात प्रश्न ऐकून घेण्याच्या कामावर कोणीच नाही!

चार दिवसांनी एक तंत्रज्ञ आला. अंगणात उभा राहिला, स्वतःच्या मोबाइलकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या एरियात लोड वाढलाय. सगळीकडे असंच आहे."

"वर अँटेना आहे. एकदा पाहून घ्या."

"छपरावर चढणं आमच्या कामात बसत नाही. आणि अँटेना कंपनीचा नाही." मग घाईने, "तुमच्या फोनवर चार आकडी नंबर आला असेल, तो सांगा. मी येऊन गेलो एवढंच दाखवायचंय."

तो येऊन गेला होता हे सत्य होते. सत्य सांगण्यास नकार कशासाठी द्यावा? मी आकडे सांगितले. तो फाटकाबाहेर पोहोचण्याच्या आत मला संदेश आला की माझ्या तक्रारीचे पूर्ण निवारण झाले आहे आणि मी सेवेबाबत समाधानी असल्याचे मीच कळवले आहे. माझ्या तोंडी मी न उच्चारलेले वाक्य! पाठशाळेत उच्चारलेल्या एका चुकीच्या स्वरासाठी आम्हाला दिवसभर उभे केले जाई. आणि ही माणसे दुसऱ्याच्या मुखात अख्खे असत्य घालून त्याच्यावर शिक्का मारून मोकळी होतात.

दुसऱ्या दिवशी संथेच्या वेळी चित्र पुन्हा थिजले. हलले तेव्हा मी पाहिले, माझा गुरुबंधू डाव्या हाताने स्वतःच्या ओठांवर मारत होता. सून "बाबा, बाबा" म्हणत त्याचा हात धरत होती. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. संध्याकाळी तिचा फोन आला.

"काका, बाबा नको म्हणतायत. मी उद्याचं विचारलं, तर त्यांनी हाताने खूण केली, बंद. मी सांगितलं की तुमचं चुकत नाहीये, फोनचं चुकतंय. त्यांना ते पटत नाही."

सलग तीन दिवस संथा झाली नाही. वाचोपचारांच्या बाई म्हणाल्या होत्या, खंड पडू देऊ नका, मिळवलेले झपाट्याने जाते. चौथ्या दिवशी सकाळी मी ओटीवर उभा राहून पुन्हा त्या तक्रार क्रमांकाशी बोलत होतो आणि माझा आवाज, मी कबूल केले पाहिजे, एखाद्या जपी माणसाला शोभण्यासारखा नव्हता.

"गुरुजी," कुंपणापलीकडून प्रश्न आला, "जप चाललाय की शिव्या?"

ते आमचे शेजारी. आयुष्य जहाजावर रेडिओ सांभाळण्यात गेले. निवृत्तीनंतर ते केळी लावतात आणि रविवारी चर्चच्या गायकवृंदात गातात. कप्तान ते कधीच नव्हते, तरी गाव त्यांना कॅप्टनच म्हणते. घरी ते आपली बोली बोलतात, माझ्याशी मात्र शाळेतले मराठी. मी त्यांना सगळे सांगितले, गुरुबंधूच्या हाताचेही. त्यांनी हातातला कोयता कुंपणाला टेकवला आणि फाटक उघडून आत आले.

"पट्ट्या पूर्ण, आणि वेग नाही? पट्टी म्हणजे नुसता ऐकू येण्याचा जोर, गुरुजी. काय ऐकू आलं ते पट्टी सांगत नाही." त्यांनी राउटरची एक तार काढली आणि मोबाइलवर वेग मोजला. आकडा जवळपास होता तिथेच राहिला. ती लावून दुसरी काढली. आकडा पार तळाला गेला. "बघा. दोन तारा म्हणजे दोन कान. तुमचा एक कान पूर्ण बंद आहे. चला वर."

गच्चीवर ते खांबाच्या बुडाशी बसले. भाच्याने उरलेली तार तिथेच गुंडाळून ठेवली होती आणि एका तारेचा जोड त्या गुंडाळीत जमिनीला टेकलेला होता. कॅप्टननी त्याच्यावरची चिकटपट्टी सोडवली. आतून हिरवट पाणी निघाले. जोड आवळणारी पितळी फिरकी हिरवी पडून गळाली होती.

"पाणी," ते म्हणाले. "पण पाऊस संपून चार महिने झाले. हे पाणी आलं कुठून?" मग त्यांनी नखाने जोडाच्या खाचेतून काहीतरी काढले आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरले. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा होता.

"गुरुजी, हा तांदूळ इथं काय करतोय?"

मी खांबाच्या बुडाकडे पाहिले.

अर्घ्याचे पाणी पायदळी येऊ नये, असे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. गच्चीवर कुंडी नाही. सगळीकडे माणसांची ये-जा. वाळवणे असतात, कपडे असतात. ज्यावर कोणाचाही पाय पडणार नाही अशी एकच जागा होती: खांबाचे बूड. तिथे मी कार्तिकापासून रोज तांब्याच्या कलशातून गंध, कुंकू, अक्षता मिसळलेले पाणी सूर्याला अर्पण करत आलो होतो. मोठ्या निगुतीने, एकही थेंब बाहेर जाऊ न देता, नेमके त्या जोडावर.

"म्हणजे दोष माझाच," मी म्हणालो.

"पाणी तुमचं," कॅप्टन म्हणाले. "जोड जमिनीवर टाकला तो तुमच्या भाच्याने. आणि पाच पायऱ्या चढून न बघता गेला तो त्या कंपनीचा शहाणा. जहाजावर मी असा न बघता 'ठीक आहे' लिहिलं असतं, तर पुढच्या बंदरात मला उतरवलं असतं." आणि मग हसून, "सूर्य मात्र खूश असणार, गुरुजी. नेटवर्कवाले नाहीत."

ते वसईच्या बाजारात जाऊन नवा जोड घेऊन आले. सडलेला तुकडा कापला, नवी फिरकी बसवली, वरून रबरी पट्टी ताणून गुंडाळली. जोड खांबावर उंच बांधला आणि तारेला खाली सैल झोळ ठेवला. पाणी आलेच तर झोळाच्या तळातून ठिबकून जाईल, आत चढणार नाही, असे त्यांनी समजावले. पैसे विचारले तर म्हणाले, "दिवाळीत करंज्या जरा जास्त पाठवा." दक्षिणेच्या कोपऱ्यात त्यांच्याच वाडीतली एक मातीची कुंडी आणून ठेवली. "सूर्य इकडून कमी दिसेल," ते म्हणाले. मी म्हटले, हरकत नाही. मान थोडी वळवीन.

त्याच दुपारी कंपनीचा आणखी एक संदेश आला: आपल्या तक्रारीच्या निवारणाला पाचपैकी किती तारे द्याल? ज्यांनी पायरीसुद्धा ओलांडली नाही, ते माझ्या शेजाऱ्याच्या कष्टावर तारे मागत होते. मी उत्तर दिले नाही. माझ्याकडून ते आता एकही आकडा घेऊ शकणार नाहीत.

संध्याकाळी मी सुनेला फोन केला. ती म्हणाली, बाबा तयार होणार नाहीत. मी म्हणालो, "संथा नको. मला त्याच्याजवळ एक कबुली द्यायची आहे, तेवढे ऐकव." तिने फोन त्याच्यासमोर धरला. तो भिंतीकडेच पाहत होता.

मी सांगितले, "तू चुकत नव्हतास. एका दिवशीही नाही. चुकलो मी." आणि मग खांब, जोड, हिरवे पाणी, अर्घ्य, तांदळाचा लाल दाणा, सगळे क्रमाने सांगितले. जी चूक तो इतके दिवस आपल्या जिभेवर शोधत होता, ती माझ्या कलशात होती, हेही सांगितले.

तो हळूहळू माझ्याकडे वळला. पाठशाळेत माझे काही चुकले की जसा तो एक भुवई उचली, तशी त्याने उचलली. ओठ हलले. मला वाटले, एखादा पाठ केलेला चरण येणार.

"गाढवा," तो म्हणाला. मग थांबला. "सूर्य... वर आहे."

हे कुठल्याही सूक्तात नव्हते. हे त्याचे स्वतःचे वाक्य होते, गेल्या कित्येक महिन्यांतले पहिले.

पडद्यावरचे चित्र एकाएकी थरथरू लागले. मी दचकून राउटरकडे पाहिले. जोड पुन्हा गेला की काय? नव्हता गेला. सुनेचा हात कापत होता.