शेवटचा प्रवेश झाल्याशिवाय उठणार नाही

पहिला फोन मावशीच्या शेजारच्या काकूंचा. "नलूताई गेल्या गं... दूध आत घेतलं नाही म्हणून बघायला गेले, तर झोपेतच..." दुसरा फोन त्याच दिवशी नाट्यमंडळाच्या सेक्रेटरींचा. "मावशी म्हणजे पनवेलच्या रसिकतेचा मानबिंदू होत्या. रविवारी सकाळी थिएटरातच शोकसभा घेऊ." मानबिंदू! जिला या मंडळींनी वर्षानुवर्षं 'कटकट' म्हटलं, ती डोळे मिटताच मानबिंदू झाली. मी नुसतं 'बरं' म्हणाले. घरात माणसं बसलेली, त्यात कुणाशी भांडणार? पण आता महिना होत आला तरी माझा राग काही उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नलूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. कचेरीत नोकरी, लग्न केलं नाही, आणि नाटकाचं वेड. आमच्या गावात नाटकाला वेगळं थिएटर नव्हतं. सिनेमाचंच थिएटर रविवारी सकाळी मिळायचं. पडद्यापुढच्या चिंचोळ्या जागेत नाटक व्हायचं आणि दुपारच्या मॅटिनीआधी सगळं आवरून बाहेर पडावं लागायचं. प्रेक्षकांबद्दल तर बोलायलाच नको. बटाटेवड्यांची पुडकी, पुढच्या खुर्चीवर टाकलेले पाय, रडणारी पोरं. कुणाच्या तरी भाचीच्या लग्नाची बोलणी पहिल्या अंकात सुरू व्हायची, ती तिसऱ्या अंकात मुहूर्तापर्यंत यायची. ओळखीचं विनोदी वाक्य आलं की मागचा कुणीतरी नटाच्या आधी ते म्हणून मोकळा. आणि हे सगळे शिकलेले, नोकरदार, इस्त्रीचे कपडे घालून आलेले लोक बरं का! मला आजही त्यांची चीड येते.

मावशीच्या पर्समध्ये एक चपटी स्टीलची डबी असायची, खडीसाखर आणि लवंगांची. झाकण वाजू नये म्हणून तिने आतून कडेला चिंधी बसवली होती. कुणी खोकलं की डबी मुकाट्याने त्याच्याकडे जायची. कुणी बोलत असलं तरी जायची, पण तेव्हा बरोबर एक वाक्य असे, "घ्या, आणि गप्प बसा." अनोळखी माणूससुद्धा गोंधळून खडा तोंडात टाकायचा. पाठीमागे लोक हसायचे, तिची नक्कल करायचे. तिला ते ठाऊक होतं. "हसू देत," म्हणायची, "मध्यंतरात हसू देत."

नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल. आपल्याच गावच्या मंडळींनी बसवलेलं नाटक होतं, आणि मावशी त्याच्या तालमी बघायलाही जाऊन बसे. दुसरा अंक ऐन रंगात आला होता. नवऱ्याचं घर सोडायला निघालेली बाई दाराशी थबकली होती, आणि एकदम थिएटरातले दिवे लागले. प्रमुख पाहुणे आले होते! मग चालू प्रवेश थांबवून हार, शाल, नारळ. ती बाई बिचारी पदर डोळ्यांशी धरून तशीच कोपऱ्यात उभी. पाहुणे म्हणाले, "मला नाटकातलं फारसं कळत नाही," आणि ते सिद्ध करायला त्यांनी भरपूर वेळ घेतला. तोवर बाहेर मॅटिनीची गर्दी दारं ठोकायला लागली. शेवटी काय, ती बाई परत येते की नाही हे ज्यात कळणार तो शेवटचा प्रवेशच मंडळाने गाळला आणि पडदा पाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! पहिल्या रांगा तर मिसळ खायला निघूनही गेल्या.

मावशी जागची हलली नाही. "शेवटचा प्रवेश कुठाय?"

"मावशी, वेळ संपली. गोष्ट कळली ना तुम्हाला?" सेक्रेटरी म्हणाले.

"गोष्ट ऐकायला मी आले नव्हते. प्रवेश झाल्याशिवाय उठणार नाही."

दारं उघडली, मॅटिनीचे लोक आत घुसले. उरणकडून आलेला एक माणूस बायकोला घेऊन आमच्या रांगेत आला. "ओ बाय, ही शीट आमची हाय."

"तुमचीच आहे. पण आमचं नाटक अजून संपलेलं नाही." मग मावशीने त्याला घर सोडून निघालेल्या बाईची सगळी हकिगत सांगितली.

त्याची बायकोच आधी बोलली, "मंग ती परत येते का नाय?"

"तेच तर बघायचंय."

तो माणूस सेक्रेटरींकडे वळला. "दाखवा की. आमी उभं ऱ्हातो. सिनेमा काय पलून जातो का?" मागून शिट्ट्या सुरू झाल्या, "दाखवा, दाखवा!" थिएटरच्या मॅनेजरने शेवटी हात जोडून नटांना बोलावलं. नायकाने रंग पुसून शर्ट-पँट चढवली होती, तो तसाच उभा राहिला. आणि सांगते, त्या थिएटरात तेवढा शांत प्रयोग मी कधी पाहिला नाही. त्या दिवशी कुणाला डबी द्यावी लागली नाही.

त्यानंतर मंडळाने मावशीला पुढच्या रांगेचं तिकीट कधी दिलं नाही. 'शिल्लक नाही' म्हणायचे. ती मागे बसायची.

आणि त्याच मंडळाची ही शोकसभा. सेक्रेटरींनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं. आम्ही उभे राहिलो. कुठेतरी वेफर्सचं पाकीट चुरचुरलं, ते मी सोडून दिलं. पण जेमतेम माना खाली गेल्या असतील नसतील, दाराशी गडबड उडाली. "साहेब आले, साहेब आले." तेच ते पाहुणे, केस तेवढे पांढरे झालेले. सेक्रेटरींनी माईकवर "बसा, बसा" म्हटलं आणि शाल घेऊन धावले. मेलेल्या बाईच्या शांततेत सत्कार! लाज नाही वाटली कुणाला. सगळे बसले, टाळ्यासुद्धा पडल्या.

मी उभीच राहिले. "ताई, झाली शांतता," सेक्रेटरी माईकवरून म्हणाले.

"नाही झाली," मी म्हणाले.

"अहो, बसा ना," मागचे गृहस्थ कुरकुरले, "पुढचं दिसत नाहीये."

तिचं कपाट आवरताना घेतलेली डबी माझ्या पर्समध्ये होती. मी वळून ती त्यांच्यापुढे धरली. "घ्या," म्हटलं, "आणि गप्प बसा."

झाकणाचा आवाज झाला नाही.