वैलावरची कोमट नीरा

नीरा विकणाऱ्याच्या घरात सगळे घड्याळ सोडून उन्हाकडे बघत असतात. ऊन सरकत सरकत अंगणातल्या नळापर्यंत आलं की आमची धावपळ सुरू व्हायची. आज हे सांगताना लोक हसतात, मीही हसते. तेव्हा मात्र आमच्या घरात सकाळी कुणी हसत नसे.

वडिलांकडे नीरा विकायचा परवाना होता. दिंडोरीच्या अलीकडे एका नाल्याच्या काठाने शिंदीची झाडं होती, ती त्यांनी ठरवून घेतली होती. पेठकडचा एक माणूस संध्याकाळी झाडांवर चढून चुना लावलेली मडकी बांधायचा आणि पहाटे उतरवायचा. वडील ती नीरा मोपेडवरून पंचवटीत आणायचे आणि भाजीबाजाराच्या तोंडाशी आमची छोटी टपरी होती तिथे विकायचे. हे ऐकायला सोपं आहे. घोळ असा, की नीरा सकाळी नीरा असते आणि तशीच ठेवली तर दुपारी ताडी होते. परवान्याची अट होती, उरलेली नीरा वेळेत उकळून गुळाला लावा, नाहीतर ओतून द्या. आंबलेली नीरा घरात सापडली तर ती ताडीच धरायची, आणि ताडी सापडली की परवाना गेला. परवाना गेला तर वडिलांना दुसरं काहीही येत नव्हतं, हे मला, आईला आणि त्यांना, तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

त्यातून थंडीत नीरा सगळ्यात गोड उतरते आणि थंडीतच ती कुणाला नको असते. हुडहुडी भरलेला माणूस चहाच्या गाडीवर जाणार, गार नीरा कशाला पिईल? मग दहाच्या सुमारास वडील उरलेले डबे घरी आणून टाकायचे आणि उलट्या पावली टपरीवर जायचे. पुढचं सगळं आईच्या माथी.

आईची रीत ठरलेली होती. डबे आले की चुलीत लाकडाच्या वखारीतल्या ढलप्या भसाभस सारायच्या आणि आधी सगळ्या नीरेला एकेक उकळी आणायची. एक पातेलं उकळलं की खाली, दुसरं वर, मग तिसरं. सगळ्याला उकळी फुटली की ती पहिल्यांदा खाली बसायची, पदराने तोंड पुसायची आणि चहा मागायची. त्यानंतर मात्र तिला घाई नसे. भुशाने ठासून भरलेली शेगडी पेटवायची, ती बिचारी तासन् तास मंद जळत राहायची, आणि त्यावर एकेक पातेलं आटत बसायचं. घागरभर नीरा म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. ते सगळं वाफ करून हवेत सोडायचं तेव्हा कुठे तांब्याच्या बुडाशी मावेल एवढा काळसर गूळ हाती लागायचा. त्याला धुराचा एक वास असायचा. बाळंतिणीसाठी म्हणून बायका तो आवर्जून मागून न्यायच्या, आणि आईला त्याचा फार अभिमान होता.

मी तेव्हा अकरावीला, शास्त्र शाखेत. उष्णतेचा धडा नुकताच झाला होता आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. मी आईच्या चुलीसमोर बसून मनातल्या मनात तिच्या चुका काढायचे. पहिलं पातेलं उकळून खाली ठेवलं की ते गार होतं. मग शेगडीवर चढवून पुन्हा तापवायचं. म्हणजे एकाच नीरेला दोनदा जाळ! आणि चुलीच्या बाजूचा वैल, ज्याच्याखालून फुकटची धग जाते, तो रिकामाच. वखारीतून ढलप्यांची पोती डोक्यावर आणून आईची मान दुखायची, रात्री ती मला तेल चोळायला लावायची, आणि ही बाई निम्मं लाकूड आकाशाला देत होती. मला खरंच राग यायचा. तिची दया येत होती म्हणून राग यायचा, हे मात्र तेव्हा कळत नव्हतं.

मी तिला नवी पद्धत समजावून सांगितली. पहिलं पातेलं चुलीवर ठेवायचं आणि तिथेच आटवत न्यायचं, उतरवायचंच नाही. दुसरं तेवढ्या वेळात वैलावर ठेवायचं, ते फुकटात तापतं. मग त्याची पाळी आली की त्याला थोडाच जाळ लागेल. आई म्हणाली, तसं नसतं. का नसतं ते तिला सांगता येईना. तिला पेठच्या त्या माणसाने एकदा बजावलं होतं, "नीरा गार ठेवा नायतर उकळा. मधलं लय वाईट." एवढंच तिच्याकडे होतं. मी म्हटलं, तो काय कॉलेजात शिकलाय का? हे वाक्य आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

तरी आईने ऐकलं. लेकीचं शिक्षण फुकट जायला नको असंही तिला वाटलं असेल, किंवा मान खरोखर दुखत असेल. पहिले दोन-तीन दिवस उरलेली नीरा थोडीच होती, दीड पातेलं वगैरे. माझी पद्धत झकास चालली. ढलप्यांचं पोतं हलेना. आईने शेजारणीला सांगितलं, पोरीने लाकूड वाचवलं हो. मी दोन दिवस हवेत होते.

मग तो ढगाळ दिवस उजाडला. सकाळपासून बोचरं वारं, टपरीवर चिटपाखरू नाही. वडिलांनी तीन पातेली भरतील एवढी नीरा घरी आणून टाकली. आईला रॉकेलच्या रांगेत जायचं होतं, रेशनवर त्याच दिवशी मिळणार होतं. ती जाताना उंबऱ्यात थबकली. आज जास्त आहे, आज आधी सगळ्याला उकळी देऊन घे, असं तिने मला दोनदा सांगितलं. मी हो म्हटलं आणि ती वळताच माझ्या पद्धतीने मांडलं. एक चुलीवर, एक वैलावर, तिसऱ्या पातेल्याची नीरा डब्यांत गारच. वर आणखी शहाणपणा केला. चुलीवरचं आटत आल्यावर करपू नये म्हणून जाळ कमी केला, आणि लाकूड आणखी वाचतंय म्हणून खूश होऊन पुस्तक उघडलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तर वैलावरच्या पातेल्याला कडेने बारीक बुडबुडे येत होते. मला वाटलं, वा, फुकटात उकळी आली. कौतुकाने जवळ गेले. वाफ नव्हती. बोट बुडवलं तर नीरा कोमट, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकी. उकळत नव्हती आणि तरी बुडबुडे येत होते. मग वास आला, रात्रभर विसरलेल्या इडलीच्या पिठाचा असतो तसा. फुकटच्या धगीने मी तिला तापवत नव्हते, आंबवत होते.

पातेलं ओतून द्यावं, हे तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही. उकळून टाकलं की सगळं निभावेल असं वाटलं. मी चुलीवरचं घाईघाईने उतरवलं, हात भाजला, वैलावरचं चुलीवर चढवलं आणि उरलेल्या ढलप्या सगळ्याच्या सगळ्या आत कोंबल्या. जाळ पेटण्याऐवजी धूर झाला. मी फुंकत होते आणि रडत होते, तेवढ्यात दाराशी मोपेडचा आवाज आला. मागे जीप. दारूबंदी खात्याचे तपासणीचे साहेब आले होते. ते तसे अधूनमधून यायचे, त्यात विशेष काही नव्हतं. वडील निर्धास्त चेहऱ्याने त्यांना आत घेऊन आले, बघा साहेब, आमच्याकडे कसं वेळच्या वेळी असतं, म्हणत. त्यांच्या पाठोपाठ रॉकेलचा डबा घेऊन आईही आली. तिने एका नजरेत चूल पाहिली, वैल पाहिला, मला पाहिलं.

साहेबांनी पातेल्यावर वाकून दोनदा वास घेतला. मग त्यांनी वडिलांना विचारलं, "हे काय आहे?"

वडिलांच्या नाकाला तोवर कळलं होतं. मी त्यांचा चेहरा बघत होते. ज्या थोरल्या भावाला दारूने खाल्लं, त्याची तिरडी बांधताना त्यांनी आजीला शब्द दिला होता की थेंबालाही शिवणार नाही. लोक त्यांना चिडवायला ताडीवाला म्हणायचे तर ते हमरीतुमरीवर यायचे. आपण नीरा विकतो, माणसं त्या वाटेला जाऊ नयेत म्हणून विकतो, हे ते मनापासून मानायचे. आणि खोटं बोलणं त्यांना जमतच नसे.

"नीरा," ते म्हणाले.

"मग घ्या पिऊन," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही की काही नाही.

वडिलांनी फळीवरचा पेला घेतला, पातेल्यात बुडवला आणि प्यायले. सगळा. मध्ये थांबले नाहीत. शेवटचा घोट त्यांच्या तोंडात जरा वेळ राहिला, मग तोही गेला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग धुराने डोळे लाल झालेल्या माझ्याकडे. तेही काही खुळे नव्हते. लवकर उकळून घ्या, एवढं म्हणून ते निघून गेले आणि परवाना वाचला.

जीप गल्लीबाहेर पडल्यावर वडील नळाशी गेले आणि चुळा भरत राहिले. आई त्यांच्या मागे टॉवेल घेऊन उभी. त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, वैलावर पातेलं कुणी ठेवलं होतं? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी." आणि मी, उष्णतेचा धडा पाठ असलेली हुशार मुलगी, मूग गिळून गप्प बसले.

त्यानंतर आठ दिवस वडील आईशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, ती जवळ आली की उठून जायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं. आई आपलं ताट तसंच झाकून ठेवायची. मी रोज ठरवायचे, आज सांगून टाकू, आणि रोज पुस्तक उघडून बसायचे. नवव्या दिवशी ते बोलायला लागले, पण मीठ कमी आहे, पाणी आलं का, एवढंच. उरलेली नीरा घरी येणं बंद झालं. ते ती टपरीमागच्या गटारात ओतून मोकळे होत. चूल जागेवरच होती, भुशाची पोती कोपऱ्यात होती, पण आईचा गूळ संपला. बायका विचारायला यायच्या. आई त्यांना सांगायची, आता होत नाही माझ्याच्याने. ते खरं नव्हतं. आपल्या हातावर नवऱ्याचा भरवसा उरला नाही, असं तिने मनाशी धरलं होतं, आणि ते तिने मला एकदाच, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, बोलून दाखवलं. त्या दिवशीही मी गप्प राहिले. इतकी मी भित्री.

पुढे झाडं गेली, त्या जागी द्राक्षांचे मांडव आले, वडिलांनी टपरी सोडली. मी इंजिनिअर झाले. कारखान्यांतली उष्णता कुठे वाया जाते ते शोधून द्यायचं, हाच माझा धंदा. लोक मला त्याचे पैसे देतात, घ्या!

एकदा दिवाळीला माहेरी गेले होते. वडील ओट्यावर पेपर वाचत बसले होते, आई आत चहा टाकत होती. मनाशी काही ठरवलं नव्हतं. एकदम तोंडातून निघून गेलं, की बाबा, त्या दिवशी वैलावरचं पातेलं मी ठेवलं होतं, आईने नाही. त्यांनी पेपर खाली घेतला. त्यांना आठवायला वेळ लागला नाही, पण मी काय कबूल करतेय हेच त्यांना आधी समजेना.

"कुणी का ठेवेना," ते म्हणाले. "त्याचं काय?"

मी म्हटलं, त्याचं काय म्हणजे? आठ दिवस तुम्ही आईशी बोलला नाहीत. गूळ बंद केलात. एवढा राग धरलात तिच्यावर.

त्यांनी पेपरची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाले, राग कुणाला आला होता? मी साहेबांसमोर खोटं बोललो, आणि प्यायलो. तिने माझ्या थोरल्या भावाला पाहिलं होतं. माझ्या तोंडाला तोच वास. तो जातच नाही असं वाटायचं. त्या तोंडाने तिच्याजवळ जाऊन बोलायचं कसं? आणि नीरा उकळायला लागली की मला पुन्हा तेच सगळं आठवेल, म्हणून ओतून द्यायचो.

आई दारात उभी होती. हातात दोन कप. किती वेळ उभी होती कोण जाणे, कपांवर साय धरली होती.

"माझ्यावर राग नव्हता?" तिने विचारलं.

"नव्हता," ते म्हणाले.

आईने कप ओट्यावर ठेवले, एक त्यांच्याजवळ, एक माझ्याजवळ. पदर हातात धरला आणि तशीच उंबऱ्यावर बसली.

"अकरा वर्षं झाली हो," ती म्हणाली.