आज आजारी : शून्य

घोटावड्याच्या अलीकडे, माळावर आमचं ट्रेनिंग कॉलेज होतं. प्राथमिक शाळांचे मास्तर तिथे तयार व्हायचे. पत्र्याच्या तीन बराकी, एक स्वयंपाकघर आणि प्रार्थनेचं पटांगण, एवढाच पसारा. देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि लोकशाहीचा धडा म्हणून आमच्यातलेच मंत्री नेमले जायचे. सफाईमंत्री, भोजनमंत्री, पाणीमंत्री. मी आरोग्यमंत्री होतो. हसू नका. एकोणिसाव्या वर्षी कुणी मंत्री म्हटलं की छाती फुगते, आणि माझी जरा जास्तच फुगली होती. त्या मंत्रिपणापायी माझ्या बराकीतला एक सोबती जिवानिशी गेला. आता म्हातारपणी लपवून काय करू? सांगूनच टाकतो.

आरोग्यखातं म्हणजे एक खोली. तिला आजाऱ्यांची खोली म्हणायचे. आत लोखंडी खाट, खाटेवर पांढरीशुभ्र चादर, आणि कपाटात टिंक्चर, एरंडेल, कुनैन, सोडामिंटच्या गोळ्या. कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला नव्हे, पण तितक्याच भक्तीनं करगोट्याला बांधलेली असायची. पौडचे डॉक्टर बुधवारी सायकलवरून यायचे. इतर सहा दिवस डॉक्टर मीच, म्हणजे मी आणि माझा थर्मामीटर. खोलीत कुणाला निजू देत नसत, कारण तपासणीला साहेब आले की ती चादर दाखवायची असायची. आम्ही सगळे मात्र सारवलेल्या जमिनीवर घोंगड्या टाकून झोपायचो. बराकीमागे कमरेएवढं गवत वाढलेलं. शनिवारी आम्ही श्रमदानाला जायचो आणि गावाचा रस्ता करायचो, पण ते गवत कापायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि खातं माझं होतं!

शनिवार आला की पोटं दुखायची, डोकी चढायची, कंबरा धरायच्या. आळशी लेकाचे! मी सभेत नियम मांडला, ज्याला ताप त्यालाच सूट. थर्मामीटर सांगेल तो आजारी, बाकी सगळे धडधाकट. प्राचार्यांनी पाठ थोपटली. पटांगणात एक फळा होता, त्यावर मी रोज प्रार्थनेआधी 'आज आजारी' असं लिहून पुढे प्रत्येक बराकीचा आकडा घालायचो. महिनाभर शून्य राहिलं तर बराकीवर आरोग्यध्वज चढायचा. अजून कुणाला तो मिळाला नव्हता. भाद्रपदातल्या त्या शनिवारी आमच्या बराकीच्या शून्याचा तेविसावा दिवस होता.

उजाडताना तो माझ्याकडे आला. महाळुंग्याचा होता तो, माझ्याहून वर्षभरानं लहान, अबोल, पण कामाला वाघ. पोट धरून वाकला होता.

"लई दुखतंय रं पोटात. पानी बी गिळंना झालंय."

"आज वार कोणता?" मी विचारलं.

"शनवार."

"मग बरोबर! तुमची पोटं पंचांग बघून दुखतात."

बाजूची दोघं-तिघं खो खो हसली. तोही कसनुसा हसला. मी थर्मामीटर त्याच्या काखेत दिला. पारा अठ्ठ्याण्णवाच्या वर गेला नाही. त्याच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. मला वाटलं, झोप पुरी झाली नसेल. दोन सोडामिंटच्या गोळ्या त्याच्या हातावर टेकवल्या आणि म्हणालो, "चल, कुदळ उचल. घाम आला की पोट आपोआप सुटेल." तो कुदळ उचलून गेला. मी फळ्यावर आमच्या बराकीपुढे शून्य काढलं, चांगलं वाटोळं, ठळक. आम्ही प्रार्थना म्हणत असताना सातची एसटी फाटकासमोरून पुण्याला गेली. तिचा आवाज मला आजही ऐकू येतो.

कामावर तासाभरात त्याच्या हातातली कुदळ गळाली. तो बांधावर बसला आणि काहीतरी बोलू लागला, पण जीभ जड झाली होती, शब्द नाकातून येत होते. एक जण म्हणाला, "नाटक कंपनीत जा की!" तेवढ्यात आमच्यासाठी गुळाचा चहा घेऊन स्वयंपाकाच्या मावशी आल्या. घोटावड्याच्याच होत्या त्या. त्यांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि हातातली चहाची किटली तिथंच आपटली.

"आरं माज्या कर्मा! डोळं बघा की त्याचं! पान लागलंय ह्याला!"

तिकडे सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला की पान लागलं म्हणतात. मण्यार चावली तर दुखत नाही, सुजत नाही, दातांची खूणसुद्धा दिसत नाही. निजलेल्या माणसाला चावते आणि पहाटे त्याचं पोट दुखू लागतं. घोटावड्यातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक होतं. मंत्र्याला नव्हतं!

पुढची एसटी दुपारी होती. गावातल्या एकानं बैलगाडी जुंपली आणि आम्ही पिरंगुटच्या दिशेनं निघालो, तिथं पुण्याला जाणारा ट्रक तरी मिळेल म्हणून. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शुद्ध गेली नव्हती, सगळं कळत होतं त्याला. पापण्या उचलत नव्हत्या म्हणून त्यानं बोटानं एका डोळ्याची पापणी वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग हात खाली पडला. श्वास आखूड होत गेला. पिरंगुटची सडक दिसायला लागली आणि तो थांबला. गाडीवान उतरला आणि त्यानं बैल माघारी वळवले.

त्याला आजाऱ्यांच्या खोलीत ठेवलं, त्या पांढऱ्या चादरीवर. त्या खाटेवर निजलेला पहिला विद्यार्थी तोच.

दुपारी त्याचे वडील महाळुंग्याहून चालत आले, पाय चिखलानं माखलेले. पटांगणातून येताना फळ्यासमोरूनच आले, पण त्यांना वाचता येत नव्हतं. पोराच्या कपाळावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. प्राचार्य होते, रेक्टर होते, दारात माझ्या बराकीतली मुलं होती, सकाळी हसलेली. मग ते माझ्याकडे वळले. मी आरोग्याचं बघतो हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"मास्तर, दुखतंय म्हनून सांगितलं व्हतं का त्यानं कुनाला?"

माझ्या करगोट्याला ती किल्ली टोचत होती.

"नाही," मी म्हणालो. "कुणालाच नाही."

दारातली मुलं गप्प राहिली. त्यांचे आभार मानू की त्यांना शिव्या घालू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हाताऱ्यानं मान हलवली. "तसाच त्यो. ल्हानपनापास्नं दुखलं-खुपलं तरी तोंड उघडायचा न्हाई. किती येळा वराडलो त्याच्यावर." मग ते पोराकडे बघून म्हणाले, "एकदा बोलायचं रं लेकरा." आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "बोलला असता तर वाचला असता, न्हाई का वो मास्तर?"

मी हो म्हणालो.