डिझेल इंजिन आणि जुना एक्सल

मिलिटरीच्या लिलावातून चार हात फिरून माझ्याकडे आलेली पेट्रोल जीप मी नारायणगाव ते मढ चालवायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेट्रोल परवडेना, म्हणून भंगारात निघालेल्या एका गाडीचं डिझेल इंजिन तिला बसवायचं ठरवलं. स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी लगेच निकाल देऊन टाकला. "राव, इंजिन लई ताकदीचं हाय. मागला एक्सल पेट्रोलवाला. गणेशखिंडीत कटकन तुटणार!"

एक्सल तुटला की इंजिन कितीही ओरडलं तरी चाकांना जोर मिळत नाही, आणि मढच्या वाटेवरच्या त्या खिंडीत चढावरची भरलेली जीप माघारी घसरू लागते. हे ऐकलेला माणूस माझ्या गाडीत कशाला बसेल? मी तणतणत वारूळवाडी गाठली.

तिथं बुद्धविहाराच्या मागं मिस्त्रींचं एकट्याचं गॅरेज होतं. म्हटलं, "इंजिनाबरोबर मोठा एक्सलही टाका. कटकट नको." मिस्त्री हातबॅटरी घेऊन जीपखाली शिरले ते बराच वेळ बाहेरच येईनात. मग हात पुसत म्हणाले, "एक्सल झकास हाय. मोठ्याची गरज न्हाई. तो टिकंल, पण तुमी टिकू देताय का ते बघाया लागंल."

राग आला, पण इंजिन मिस्त्रीच बसवणार होते, म्हणून गिळला. इंजिन बसवल्यावर महिन्याने गाडी दाखवायला आणायची, एवढी त्यांची अट होती.

महिनाभर प्रवासी बसलेच नाहीत. मी कांद्याच्या गोण्या वाहिल्या, आणि नव्या इंजिनाचा रुबाब दाखवत वाहिल्या. महिन्याने मिस्त्रींनी एक्सलमधलं ऑईल एका जुन्या ताटात काढलं आणि त्यात मोडक्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला लोखंडाच्या बारीक कपच्या चिकटल्या. "पिठावानी असतं तर चाललं असतं. एक्सलमधल्या गिअरचे दात उडाया लागलेत. क्लच झटक्यानं सोडता तुमी."

"वीस वर्षं गाडी चालवतोय मी!"

मिस्त्रींनी ते गिअर बदलले, एक्सल मात्र तोच ठेवला. वर म्हणाले, "रविवारी मढला बहिणीकडं जायचंय. तुमच्याच गाडीनं. खिंडीतनं."

रविवारी ते अख्खं घर घेऊन स्टँडवर उभे. बायको, दोन मुली, भाऊ, तांदळाचं पोतं आणि सत्तरीची आई. सगळे ड्रायव्हर बघत होते. मिस्त्रींनी आईला हात धरून मागं, बरोबर एक्सलच्या वर बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसले. इतका शब्दाला जागणारा कारागीर मी नंतर पाहिला नाही.

मी मात्र आरशात सारखा म्हातारीकडं बघत होतो. कांद्यांची मला कधी भीती वाटली नव्हती.

खिंडीच्या ऐन चढावर मिस्त्री म्हणाले, "हितं थांबा." ब्रेक दाबून थांबलो. "आता उचला." आयुष्यात पहिल्यांदा मी क्लच इतका हळू सोडला की पायात गोळा आला. जीप जराही हिसका न देता वर सरकली. पुढच्या वळणावर पुन्हा, "थांबा." पुन्हा उचलली. असं तीन वेळा केलं त्यांनी, आणि एकदाही पाठीमागून कुणी हूं की चूं केलं नाही.

वर पोचल्यावर मिस्त्रींनी मागं वळून पाहिलं. म्हातारी नातीच्या खांद्यावर मान टाकून घोरत होती.

"आई झोपली," ते म्हणाले. "आता एक्सल टिकंल."