कोणत्या बाजूला

आमच्या ओटिलिया बाईसाहेब सतराव्या वर्षी लग्न होऊन या गढीत आल्या. गढी कसली, निम्मा गोठाच. बिअर गाळताना त्या स्वतः उभ्या राहायच्या, गावात कुणी तापाने फणफणलं की औषधी अर्क घेऊन जायच्या, आणि या सगळ्यात बाळंतही व्हायच्या. आठांपैकी चार जगली. त्या आठांच्याही आधी एक मेलेलंच जन्मलं होतं. त्याच्याबद्दल गढीत कुणी बोलत नसे. मी नंतर कामाला लागले, मला धोबिणीकडून कळलं.

पंचेचाळिशी उलटल्यावर नवराबायकोंनी हयातीतच चर्चमध्ये आपली स्मृतिशिळा बसवायची ठरवली, सगळेच जमीनदार बसवतात तशी. मधे क्रूस, एका बाजूला बाप आणि मुलगे, दुसरीकडे आई आणि मुली, सगळे गुडघ्यांवर. गेलेली मुलंही, डोक्यावर इवलासा क्रूस घेऊन.

पाथरवटाने चर्चमध्येच फळीवर कोळशाने चित्र काढलं. बाईसाहेबांचे यजमान हेनिंगसाहेब, त्यांनी त्याला आपलं पोट जरा आत घ्यायला सांगितलं.

"चिलखत घालतो, साहेब. दगडाचं कधी उसवत नाही."

बाईसाहेब हसल्या नाहीत. अजून एक बाळ काढायचंय, म्हणाल्या, पहिलं.

म्हातारे पाद्रीबाबा चाचरले. बाप्तिस्मा नाही, कबर चर्चच्या भिंतीबाहेर. ते आत कसं यायचं, असं त्यांनी हळुवारपणे समजावलं.

"नऊ महिने इथंच त्याच्यासाठी प्रार्थना केली मी, पाद्रीबाबा. आईची प्रार्थना वाया जात नाही, तुम्हीच सांगायचात. मग ती गेली कुठं?"

शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, काढा, नाव मात्र कोरू नका.

पाथरवटाने कोळसा उचलला. "कोणत्या बाजूला?"

मुलगा की मुलगी, हे बाईसाहेबांना कधी कळलंच नव्हतं. बाळ झालं तेव्हा त्या तापात होत्या. सुईणीने बाळ गुंडाळून नेलं ते नेलंच. पुढे विचारायचा धीर झाला नाही, आणि सुईणही वारली.

"माझ्या बाजूला," पुरुषांच्या बाकावरून हेनिंगसाहेब म्हणाले. "मुलगा होता. मीच पुरला."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "केस होते का हो?"

"होते. तांबूस."

त्या बायकांच्या बाकाकडे गेल्याच नाहीत. पुरुषांच्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. साहेब सरकले, त्या बसल्या. समोर पाथरवट बापाच्या गुडघ्याशी एक लहानसं गाठोडं काढत होता.